दादाचं वर्कस्टेशन

माझा भाऊ त्याला कधी कॉम्प्युटर म्हणायचा नाही. वर्कस्टेशन म्हणायचा. कुणी चुकून कॉम्प्युटर म्हणालंच तर तो लगेच दुरुस्त करायचा, आणि समोरच्याला त्यातला फरक समजला नाही की त्याला मनातून बरंच वाटायचं.

दादा साच्यांचा डिझायनर होता. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत प्लास्टिकच्या वस्तूंचे पोलादी साचे बनवणारा एक कारखाना होता, तिथे त्याची वीस-बावीस वर्षं गेली. बादल्या, बाटल्यांची बुचं, खुर्च्यांचे पाय, टिफिनची झाकणं. आमचे वडील गिरणीत साचाखात्यात होते. त्यांचा साचा म्हणजे कापडाचा माग आणि दादाचा साचा म्हणजे पोलादी ठोकळा, दोन्हींचा काही संबंध नाही. पण शब्द तोच राहिला, एवढ्यावर आई खूश होती. मुलगा बापाच्याच धंद्यात आहे असं ती गावाला सांगायची.

मी त्याच्याहून अकरा वर्षांनी लहान. बारावीनंतर घरात माझ्या लग्नाचं बोलणं सुरू झालं तेव्हा दादानेच मला कॉम्प्युटरच्या क्लासला घातलं. रविवारी कारखान्यात नेऊन त्याने मला ते वर्कस्टेशन दाखवलं होतं. करड्या रंगाचा जाडजूड डबा, त्यावर टीव्हीसारखा पोट सुटलेला मॉनिटर, तीन बटणांचा माऊस. पडद्यावर एक बादली हळूहळू फिरत होती. "बघ, अजून बनलेली नाहीये," तो म्हणाला, "आणि तरी हिच्या कडीचं भोक कुठे चुकलंय ते मला आत्ताच दिसतंय." आज मी अंधेरीतल्या एका ऑफिसचे सर्व्हर सांभाळते, ते त्या रविवारमुळे. हे मी त्याला कधी बोलून दाखवलं नाही. आमच्यात तशी पद्धतच नव्हती.

कारखाना बंद झाला तेव्हा यंत्रं विकली गेली. ते वर्कस्टेशन तोवर इतकं जुनं झालं होतं की कुणाला नको होतं. दादाने ते मागून घेतलं आणि टेम्पोत घालून दिंडोशीच्या घरी आणलं. एक खोली, एक स्वयंपाकघर. बाहेरच्या खोलीत एकच मोठी खिडकी, तिच्यापुढे त्याने टेबल टाकलं आणि त्यावर हे धूड ठेवलं. धूळ बसू नये म्हणून खिडकी बंद. वहिनी दिवसाही ट्यूबलाइट लावू लागली. दादा वसाहतीतल्याच दुसऱ्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये लागला, तिथे साधे कॉम्प्युटर होते. रविवारी सकाळी मात्र तो हे सुरू करायचा, जुनी ड्रॉइंग उघडून बघत बसायचा. मग एक दिवस त्याच्यातली छोटी बॅटरी संपली. अशा जुन्या यंत्रांना त्या बॅटरीवरच आपली तारीख आणि आपला नंबर लक्षात राहतो. नंबर गेल्यावर ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर उघडेना, कारण त्याचा परवाना त्या नंबरला बांधलेला. सुरू केलं की काळ्या पडद्यावर नुसत्या अक्षरांच्या ओळी यायच्या. दादाने त्यावर जुनी चादर टाकली. "बघू कधीतरी," तो म्हणाला. मीही म्हणाले, "बघू." चार वर्षं गेली.

चोपन्नाव्या वर्षी, सकाळी दाढी करताना, त्याच्या हातातून रेझर पडला. वहिनीला वाटलं निसटला. तो उचलायला ती वाकली तेवढ्यात दादा तिच्या अंगावर कोसळला.

उजवी बाजू गेली. वाचा गेली. आणि महिनाभराने, घरी आणल्यावर, आम्हाला कळलं की अक्षरंही गेली आहेत. बोलण्याचे व्यायाम शिकवायला रुग्णालयातून एक बाई यायच्या. त्यांनी पुढ्यात अक्षरांची कार्डं मांडली. 'म' कुठला विचारलं. दादा कार्डांकडे असा बघत राहिला जसा मी चिनी भाषेकडे बघेन. मग त्यांनी चित्रं मांडली. कप, छत्री, चावी. छत्री कुठे म्हटल्यावर त्याने डाव्या हाताचं बोट बरोबर छत्रीवर ठेवलं. समजत सगळं होतं. बाहेर येत नव्हतं.

बाहेर एकच शब्द यायचा. 'काढ.'

भूक लागली की काढ. लघवीला लागली की काढ. वहिनीने पाठ पुसताना जोरात घासलं की काढ. बाई म्हणाल्या, असं होतं, एखादाच शब्द तोंडात शिल्लक राहतो. शब्दावर जाऊ नका, हाताकडे बघा, डोळ्यांकडे बघा.

त्याचा हात चादर टाकलेल्या वर्कस्टेशनकडे जायचा. दिवसातून चार-पाच वेळा. खाटेवरून डावा हात उचलायचा, टेबलाकडे बोट, आणि, "काढ."

मला त्यात शंकाच वाटली नाही. जन्मभर तो माणूस हाताखालच्या पोरांना हेच सांगत आला होता. सेक्शन काढ. प्रिंट काढ. रेघ सरळ काढ. त्याला ड्रॉइंग काढायचं होतं. अक्षरं गेली होती, चित्रं राहिली होती. मग त्या काळ्या पडद्यावरच्या ओळी काढून टाकून चित्रांचा पडदा आणायचा, एकही अक्षर नसलेला. डाव्या हाताने माऊस धरला की झालं. माझं तर कामच ते.

वहिनी म्हणाली, "माका वाटता, हो खोको हयसून काढ, असा सांगतत ते."

वहिनी मालवणकडची, सातवीपर्यंत शिकलेली. मी तिला समजावलं. मेंदूला काम मिळालं तर नव्या वाटा तयार होतात, हात सुधारतो, बाईसुद्धा तेच म्हणाल्या. बाई असलं काही म्हणाल्या नव्हत्या. वहिनी ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "तुका जास्त कळता." टोमणा नव्हता तो. तिला खरंच तसं वाटत होतं.

दर रविवारी मी कांदिवलीहून रिक्षाने सकाळी दहाला पोचायचे ते संध्याकाळी सहाला निघायचे. पहिल्या रविवारी चादर काढली तेव्हा दादा खाटेवर उठून बसायचा प्रयत्न करू लागला. मी म्हटलं, "बघ, खूश झाला."

हार्ड डिस्क सुरू होताना चिरकत होती. आधी तिच्यातली ड्रॉइंग माझ्या लॅपटॉपवर ओढून घेतली, त्यातच दोन रविवार गेले. मग एका जुन्या, पण चालू डिस्कवर लिनक्सच्या कुळातली एक फुकट मिळणारी सिस्टीम टाकली. अशा पुरातन यंत्रांवर चालणाऱ्या सिस्टीम आता दोन-तीनच उरल्या आहेत, त्या सांभाळणारी माणसं जगात कुठेकुठे बसलेली असतात. त्यातल्या एकाला मी मेल केली, त्याने तीन पानी उत्तर पाठवलं. मला फार आनंद झाला. दादाला ते उत्तर वाचून दाखवलं, इंग्रजीतून, त्याला काय कळलं असेल देव जाणे.

चित्राचा पडदा काही केल्या येईना. हुकूम दिला की मॉनिटर टक्क करून काळा व्हायचा. मॉनिटर एका सेकंदात पडदा किती वेळा रंगवू शकतो ते आकडे एका फाईलमध्ये हाताने भरावे लागतात, आणि त्या मॉनिटरचं माहितीपुस्तक कधीच हरवलेलं. अंदाजाने आकडे भरायचे, सुरू करायचं, काळं, परत. कधी चित्र यायचं पण चिंध्या झाल्यासारखं तिरकं फाटलेलं. आठ-आठ तास मी हेच केलं. जेवण वहिनी टेबलावर आणून द्यायची आणि मी पडद्याकडे बघत जेवायचे. दादाला भरवणं, कूस बदलणं, चादर बदलणं माझ्या पाठीमागे चाललेलं असायचं. मागून अधूनमधून "काढ" यायचं. मी न वळता म्हणायचे, "हो रे दादा, तेच करतेय ना."

एकदा वहिनी सहज म्हणाली, "तू भावाक भेटाक येतंस, की ह्या खोक्याक?" मी हसले. माझ्या ओळखीच्या दोघीतिघींना मी तो किस्सा म्हणून सांगितलासुद्धा.

खरं सांगायचं तर मला त्या खोलीत मागे वळून बघायचं नव्हतं. दादाच्या तोंडाची उजवी बाजू ओघळली होती, त्यातून लाळ गळायची. ज्याने मला सायकल शिकवली त्याला दोन जणींनी धरून भांड्यावर बसवायचं, हे मला सोसत नव्हतं. मॉनिटरचे आकडे सोसत होते. तिथे चुकलं तर परत करता येत होतं. हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं असं म्हणता येणार नाही. थोडं ठाऊक होतंच.

तिसऱ्या महिन्यात एका रविवारी दुपारी पडदा आला. आधी काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा, गोणपाटासारखा विणलेला, आणि मधोमध एक फुली. माऊस हलवला तर फुली हलली. मी ओरडलेच, "आला!" मागे वळले तर दादाला झोप लागली होती आणि वहिनी खाली दूध आणायला गेली होती.

मग त्यावर एक हलकासा डेस्कटॉप बसवला. हल्लीचे डेस्कटॉप त्या यंत्राला झेपलेच नसते. रंग उलटे येत होते, तांबडं ते निळं आणि निळं ते तांबडं. पार्श्वभूमीला मी आम्हा सगळ्यांचा गावच्या घरासमोरचा एक फोटो लावला तर आईचा, दादाचा, सगळ्यांचे चेहरे निळेजांभळे दिसले. वहिनीने ते पाहिलं आणि स्वयंपाकघरात निघून गेली. ते दुरुस्त करायला अजून दोन रविवार. शेवटी फोटो काढूनच टाकला, साधा करडा रंग ठेवला. पडद्यावर पाच मोठी चित्रं मांडली. बादली, बूच, खुर्ची, टिफिन, आणि पाचवं पेन्सिलीचं. पहिल्या चारांवर बटण दाबलं की दादाचं ते ते जुनं ड्रॉइंग, लॅपटॉपवर साध्या चित्रात बदलून घेतलेलं, उघडायचं. पेन्सिलीवर दाबलं की कोरा कागद. कुठेही अक्षर नाही, घड्याळसुद्धा काढून टाकलं होतं. मला स्वतःला ते फार सुंदर वाटलं. आयुष्यात केलेलं सगळ्यात चांगलं काम वाटलं.

त्या दिवशी चौथा महिना संपत आला होता. वहिनीने आणि मी दादाला उचलून खुर्चीत बसवलं, पडू नये म्हणून कमरेला ओढणी बांधली. मी त्याचा डावा हात माऊसवर ठेवला, वर माझा हात. फुली बादलीवर नेली आणि बटण दाबलं.

बादली उघडली. त्याची बादली, त्याच्या रेघा.

दादा बराच वेळ बघत राहिला. मग माऊस सोडून त्याने बोट सरळ काचेवर ठेवलं आणि कडीच्या भोकापर्यंत नेलं. तिथे थांबला. त्याला ओळखू आलं होतं, यात शंका नाही. डोळ्यांतून पाणी आलं. माझ्याही आलं.

"काढ," तो म्हणाला.

"हो, काढ ना," मी म्हटलं, "हे घे," आणि पेन्सिलीवर दाबून कोरा कागद उघडला. "काढ दादा. रेघ काढ."

त्याने माऊस ओढला. पडद्यावर गांडुळासारखं काहीतरी उमटलं. पुन्हा ओढला, आणखी एक गांडूळ. केसाएवढ्या फरकासाठी कारखान्याच्या मालकाशी भांडणारा माणूस. तो त्या दोन रेघांकडे बघत होता आणि मी पाठीमागून म्हणत होते, "झकास! परत, परत काढ." मी त्याच्याशी तीन वर्षांच्या मुलाशी बोलावं तशी बोलत होते.

त्याने माऊस सोडला. डावा तळहात मॉनिटरच्या कडेवर टेकवला आणि ढकलायला लागला. मॉनिटर तीसेक किलोचा, त्याच्या एका हाताने तो काय हलणार. "काढ," तो म्हणाला. "काढ. काढ." मी त्याचा हात धरायला गेले तर त्याने माझा हात झटकला. खुर्ची डगमगली. वहिनी धावत आली आणि तिने त्याला मागून मिठी मारली.

"चार महिने सांगतंय मी तुका," ती मला म्हणाली. तिचा आवाज चढलेला मी पहिल्यांदा ऐकला. "त्यांका ता नको! त्यांका खिडकी होयी!"

तिने तोंड त्याच्यापुढे नेलं. "खिडकी ना? खोको काढूचो ना?"

दादाने डोळे मिटले आणि मान डोलावली. स्पष्ट, दोनदा. मग त्याचं अंग सैल पडलं. कुणीतरी ऐकलं होतं.

आम्ही त्याला पुन्हा खाटेवर निजवलं. मी त्याच्या पायापाशी खाटेवर टेकले. चार महिन्यांत पहिल्यांदा. तिथून समोर बघितलं. मॉनिटरने बंद खिडकी जवळजवळ सगळी अडवली होती. वर वीतभर आकाश. काढलेली चादर मी परत टाकलीच नव्हती; पडदा बंद असला की त्या फुगीर काचेत ट्यूबलाइट, खाट आणि खाटेवरचा माणूस दिसत असणार. चार महिने तो उठल्यापासून झोपेपर्यंत स्वतःला बघत पडला होता.

या वेळी मला वाईट वाटायला हवं होतं. मला राग आला. सगळे रविवार, सगळे आकडे, त्या परक्या माणसाचं तीन पानी उत्तर. मी उठले, पर्स उचलली आणि म्हणाले, "मग इतके दिवस मी इथे काय झक मारत होते? आधी सांगता आलं नाही तुला?"

ज्याची वाचा गेली आहे त्याला मी हे म्हणाले.

दादाने माझ्याकडे बघितलं. तोंड उघडलं, ओठ जुळवायचा प्रयत्न केला, मानेच्या शिरा ताणल्या. त्याला नक्की दुसरं काहीतरी म्हणायचं होतं. आलं ते तेच. "काढ." मग त्याने तोंड भिंतीकडे वळवलं.

पुढचे दोन रविवार मी गेले नाही. ऑफिसात काम आहे असं वहिनीला फोनवर सांगितलं. काम नव्हतं. वहिनीने शेजारच्या दोघांना बोलावून मॉनिटर आणि डबा उचलून बाहेर पॅसेजमध्ये जिन्याच्या खाली ठेवला, टेबल दुसरीकडे सरकवलं, खिडकी उघडली. हे तिने फोनवर सांगितलं. "बरे आसत," म्हणाली. "तुका जमात तेव्हा ये."

तिसऱ्या आठवड्यात बुधवारी सकाळी तिचा फोन आला. दादाला दुसरा झटका आला होता. मी अंधेरीहून थेट रुग्णालयात गेले. तो शुद्धीवर नव्हता आणि नंतरही आला नाही. चार दिवस त्याच्या तोंडात नळी होती. मी त्याच्या उशाशी बसून राहायचे आणि आता मात्र नजर हटवत नव्हते. डॉक्टर म्हणाले, त्यांना ऐकू येत असेल नसेल सांगता येत नाही, बोला. माफ कर म्हणावं, तर त्याला ते कळणारही नाही आणि नाही म्हणताही येणार नाही, हे मला माझ्याच फार सोयीचं वाटलं. ते मी म्हटलं नाही. रविवारी दुपारी तो गेला.

कार्य झाल्यावर जिन्याखालचं ते वर्कस्टेशन मीच जुन्या इलेक्ट्रॉनिक वस्तू घेऊन जाणाऱ्यांना दिलं. सोसायटीच्या लोकांनी दोनदा आठवण केली होती, येण्याजाण्याची वाट अडते म्हणून. दोन माणसं आली, मॉनिटर नेताना एकाचा पाय घसरला आणि तो भिंतीवर आदळला. भिंतीचा पोपडा निघाला. ते लोक गेल्यावर मी बराच वेळ खाली पडलेलं प्लास्टर झाडत बसले.

वहिनीला मी विचारलं, ते अडीच आठवडे तो काय करायचा. ती म्हणाली, बघायचे. काय? काही नाही. रस्ता, पाण्याची टाकी, समोरच्या बिल्डिंगीत वाळत घातलेले कपडे. एक म्हातारा रोज सकाळी गच्चीवर हात फिरवत व्यायाम करायचा, तो दिसला की दादा आपला डावा हात तसाच फिरवायचा. एक दिवस म्हातारा आलाच नाही तर दादा जेवला नाही. एवढं सांगून ती म्हणाली, "माका आठवण येता तुझी, असा काय म्हणले नाय ते. म्हणाक येणार कसा."

वर्ष व्हायच्या आतच वहिनीने गावी जायचं ठरवलं. तिच्या भावाचं घर आहे, आंब्याची थोडी झाडं आहेत, इथे एकटीने राहायचं कशाला. हायवेवर कोकणच्या बसची वाट बघत आम्ही दोघी उभ्या होतो. तिच्या दोन बॅगा, एक गोणी. मी तिला मोबाईल चार्जिंगला कुठे लावायचा, कुणाला फोन करायचा असलं काहीतरी सांगत होते. ती माझं बोलणं संपेपर्यंत थांबली.

मग म्हणाली, "ते तुझ्यार रागावले नव्हते. ता मनात ठेव नको."

मी मान हलवली. मला रडू येत होतं.

"मी रागावलंय," ती म्हणाली. "तो राग माज्या मनातसून जायत नाय. मी प्रयत्न केलंय."

बस आली. कंडक्टर घाई करत होता. मी गोणी आत ढकलली, बॅगा दिल्या. ती खिडकीपाशी बसली, काचेतून हात दाखवला, मीही दाखवला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला नाही, म्हणून दुपारी मीच केला. मागे कोंबड्यांचा आवाज होता.

"पोचलंय," ती म्हणाली. आणि मग, "जेवलंस?"

जेवले, मी म्हटलं.